हुमण वहीत कसं लिहायचं? वजन उतरवणाऱ्या वाचकांचे प्रश्न

वजन उतरवायचं तर रोजचं खाणं लिहून ठेवा, हा सल्ला आता सगळ्यांना पाठ आहे. चपाती-भाजीच्या घरात तो पाळणं सोपं जातं. गोव्यातल्या नारळ वाटून होणाऱ्या स्वयंपाकात, म्हणजे हुमण (माशाची कढी) आणि शीत (भात) जेवणाऱ्या घरात, मात्र गाडी पहिल्याच दिवशी अडते. या महिन्याच्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतली कॅलरी म्हणजे पाकिटावर छापलेली किलोकॅलरी.

प्रश्न : आमच्या घरी सहाजणांचा स्वयंपाक एकाच टोपात होतो. सासूबाई नारळ अंदाजाने घेतात. अ‍ॅपमध्ये ‘फिश करी’ शोधलं तर वाटीला ९० पासून ३०० कॅलरीपर्यंत काहीही दिसतं. माझ्या वाट्याचं शीत-हुमण लिहायचं कसं? (गृहिणी, फोंडा)

अ‍ॅपमधले बरेचसे आकडे वापरणाऱ्यांनीच भरलेले असतात. कुणाची वाटी शंभर मिलीची, कुणाची अडीचशेची. कुणी माशासकट धरलेलं, कुणी नुसता रस. त्यातून मधला आकडा उचलणं म्हणजे चिठ्ठी काढणं. त्यापेक्षा तुमच्या घरचं हुमण एकदा नीट मोजा आणि ‘आमचं हुमण’ या नावाने तो आकडा कायमचा लिहून ठेवा.

काटा डिजिटल घ्या, पाच किलोपर्यंत मोजणारा आणि एक ग्रॅमचा फरक दाखवणारा. भांडं ठेवून आकडा शून्यावर आणण्याचं बटण त्यावर हवंच. रिकाम्या टोपाचं वजन एका कागदावर लिहून तो कागद स्वयंपाकघरात चिकटवा, म्हणजे दरवेळी टोप रिकामा करावा लागणार नाही. गरम टोप थेट काट्यावर ठेवू नका. आधी लाकडी पाट किंवा दुमडलेलं फडकं ठेवा, काटा शून्यावर आणा, मग टोप ठेवा.

सासूबाईंच्या अंदाजाला हात लावायची गरज नाही. नारळ खवण्याआधी कवड तोला, खवून झाल्यावर उरलेली करवंटी तोला. वजाबाकी केली की किती खोबरं पडलं ते कळतं. समजा, दोन कवडी मिळून २०० ग्रॅम खोबरं निघालं. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी असतात, म्हणजे इथे ७००. कांदा, धणे, मिरची, चिंच, तेफळं या सगळ्यांचे मिळून ६० धरा. एकूण ७६०. आता मासे बाजूला काढून रसाचा टोप तोला आणि टोपाचं वजन वजा करा. रस ११०० ग्रॅम भरला तर शंभर ग्रॅमला सुमारे ७० कॅलरी होतात. तुमच्या ताटात दीडशे ग्रॅम रस आला तर १०५. वाटप (नारळाचं वाटण) गाळून चोथा टाकत असाल तर खोबऱ्यातली थोडी चरबी चोथ्याबरोबर जाते आणि हा आकडा किंचित जास्त ठरतो. वजन उतरवणाऱ्याला जास्तीच्या बाजूची चूक नडत नाही.

इथे एक खास गोव्याची अडचण येते, कालच्या कढीची. उरलेलं ३०० ग्रॅम हुमण दुसऱ्या दिवशी आटवून १८० ग्रॅमवर आलं, तरी उडालं ते पाणी. त्यातल्या २१० कॅलरी तशाच राहतात, म्हणजे शंभर ग्रॅमला ७० नव्हे, ११५-१२० पडतात. आटवलेली कढी पावाला लावून खाताना ‘चमचाभरच’ वाटते, वहीत ती नेहमी कमी लिहिली जाते.

मासा वेगळा लिहा. दीडशे ग्रॅमच्या बांगड्यातून डोकं, पोट आणि काटा गेल्यावर हाती साधारण ७५ ग्रॅम मांस लागतं. त्यात १४-१५ ग्रॅम प्रथिनं आणि चरबीच्या मानाने शंभर ते सव्वाशे कॅलरी. नेमकेपणा हवा असेल तर तुकडा ताटात घेताना तोला आणि जेवण झाल्यावर काटे तोला. मासा रव्यात घोळून तळला असेल तर तेलाचा हिशेब स्वतंत्र येतो. तव्यावर किती चमचे ओतलं आणि तव्यात किती उरलं ते पाहा. सपाट चहाचा चमचा पाच मिलीचा, त्यात ४०-४५ कॅलरी. चार तुकड्यांमागे सहा चमचे जिरले असतील तर प्रत्येक तुकड्यावर दीड चमचा, म्हणजे ६०-७० कॅलरी वरून, रवा वेगळा.

उरलं शीत. सर्वांत मोठा घोळ इथेच होतो, कारण अ‍ॅपमध्ये कच्चे तांदूळ आणि शिजलेला भात अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, तर शिजलेल्या भातात १३०च्या आसपास. ताटातला २०० ग्रॅम भात कच्च्याखाली लिहिला तर २६०चे ७०० होतात. उलट केलं, म्हणजे डब्यातून मोजून घेतलेले तांदूळ शिजलेल्याखाली लिहिले, तर तिसरा हिस्साच दिसतो आणि महिनाभर वजन का उतरत नाही याचा शोध चालू राहतो. उकडे तांदूळ कमीजास्त पाणी पितात, म्हणून तुमच्या घरचं प्रमाण एकदा काढा. ६०० ग्रॅम तांदूळ घेतले (२१०० कॅलरी) आणि पेज निथळून शीत १६५० ग्रॅम भरलं, तर शंभर ग्रॅमला १२७. निथळलेल्या पाण्याबरोबर थोडा स्टार्च जातो, तो सोडून द्या.

हे सगळं रोज करायचं नसतं. हुमण, शीत, तोंडाक (नारळाच्या वाटपातली कडधान्याची भाजी), पातळ भाजी, चपाती असे घरात फिरून फिरून होणारे आठ-दहा पदार्थ एकेकदा मोजले की पुढे ताट काट्यावर ठेवायचं, शून्य करायचं, शीत वाढायचं, आकडा लिहायचा, पुन्हा शून्य, मग हुमण. अर्ध्या मिनिटाचं काम. तांबडी भाजी, दोडकी, भेंडी, काकडी यांचे ग्रॅम काटेकोर लिहिण्यात वेळ घालवू नका. त्यांच्यावर पडलेलं खोबरं आणि तेल तेवढं लिहा. कच्च्या पदार्थांचे आकडे पडताळायचे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेले ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते सर्वांत भरवशाचे.

तेलाचा पडताळा महिन्याच्या शेवटी घ्यावा. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी रोजचे ३३ मिली होतात. म्हणजे ३० ग्रॅम, २७० कॅलरी. वहीत तुमच्या नावावर रोज दोनच चमचे तेल दिसत असेल, तर उरलेलं कुठे गेलं ते शोधायला हवं.

प्रश्न : पाच आठवडे रोज १४०० कॅलरीत बसतो, तरी वजन जागचं हलत नाही. थायरॉइड तपासलं, ठीक आहे. कालची नोंद पाठवतो : चार चहा १२०, सकाळी भाजी-पाव ३००, दुपारी हॉटेलात फिश थाळी ५५०, संध्याकाळी चार बिस्किटं ६०, रात्री दोन चपात्या, भाजी, डाळ ३७०. (बँक कर्मचारी, मडगाव)

पाच आठवड्यांत वजन हललं नाही याचा अर्थ सरळ आहे. तुम्ही जेवढं खर्च करता तेवढंच खाता. तुमच्यासारख्या चालत्याफिरत्या, नोकरी करणाऱ्या पुरुषाचा दिवसाचा खर्च १४००वर थांबत नाही, तेव्हा चूक नोंदीत आहे. यात खोटेपणा नाही, ही चूक जवळजवळ सगळ्यांची होते. ‘आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं अमेरिकेत शास्त्रीय पद्धतीने तपासलं गेलं होतं. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेल्या त्या अभ्यासात त्यांची नोंद प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघाली. आणि व्यायाम ते निम्म्याने जास्त सांगत होते.

आता तुमची नोंद. चहाला तीस कॅलरी हा बिनसाखरेच्या, नावापुरत्या दुधाच्या चहाचा आकडा आहे. दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, ४० कॅलरी. ऐंशी-नव्वद मिली दूध, ५०. एक कप ९०ला पडतो, चार कप ३६०.

भाजी-पावात दोन पाव मिळून ९० ग्रॅम असतील तर पावाचेच २४० होतात. पातळ भाजीवरचा तेलाचा तवंग धरून बशीला २०० म्हणजे बेताचेच. झाले ४४०. मिरची-भजी घेतली असेल तर ती वेगळी. आणि पाव एकदा तोलून पाहा, प्रत्येक पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, पोळी (कोंड्याचा चपटा पाव), कांकण (कड्यासारखा पाव) वेगवेगळ्या वजनाचे असतात. साधारण दर ग्रॅमला २.७ कॅलरी धरा. कोंड्याची पोळी पोटाला जास्त वेळ धरते हे खरं, पण ती मोठी असेल तर कॅलरी पावापेक्षा कमी नसतात.

थाळी हा तुमच्या दिवसाचा सगळ्यांत फसवा आकडा. पुन्हा एकदा वाढून घेतलेला भात धरून ३०० ग्रॅम, म्हणजे ४००. दोन वाट्या कढी, १५०. रव्यातला तळलेला तुकडा, २२०. दोन चमचे किसमूर (सुक्या माशाची खोबरं घातलेली कोशिंबीर) ५०, भाजी किंवा तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं ८०, नारळाच्या रसातली सोलकढी ७०. बेरीज ९७०. बिस्किटं ग्लुकोजची साधी असली तरी ९०. रात्री तेल लावलेल्या दोन चपात्या २४०, फोडणीसकट भाजी १५०, डाळ ११०, एकूण ५००.

एकूण २३६०. हे अंदाज आहेत, शंभर-दीडशे इकडेतिकडे होतील. पण तुमचं वजन याच खाण्यावर स्थिर आहे, म्हणजे तुमचा खर्चही याच आसपास आहे. १४००चं उद्दिष्ट आता विसरा. सूत्राने काढलेल्या आकड्यापेक्षा स्थिर वजनावरची खरी नोंद जास्त उपयोगी असते. तिच्यातून ४००-५०० कमी करा, पुरे. चहात दोनऐवजी अर्धा चमचा साखर घातली तर चार कपांत १२० वाचतात. थाळीत भात निम्मा, म्हणजे दीडशे ग्रॅम घेतला तर २००. तळलेल्या तुकड्याऐवजी कढीतलाच मासा मागितला तर आणखी शंभर. बेरीज ४२०, आठवड्याला २९४०. एक किलो चरबीत ७७०० कॅलरीच्या आसपास साठा धरतात, त्या हिशेबाने आठवड्याला ३५० ते ४०० ग्रॅम उतरायला हवेत. चपाती, डाळ, भाजीला हात लावण्याची गरज नाही.

थाळी समोर आली की घास घेण्याआधी वरून एक फोटो काढा, शेजारी चमचा ठेवून. रात्री तो बघून लिहिणं आठवून लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि लिहायचं ते संपवलेलं, वाढलेलं नव्हे.

प्रश्न : रोज सकाळी काट्यावर उभी राहते. काल ६८.४, आज ६९.६. मासे बंद असताना तर आठवडाभर वर वर जात होतं. जेवण तेच होतं. (म्हापसा)

एका रात्रीत सव्वा किलो चरबी चढायला नऊ हजारांहून जास्त कॅलरी उरायला हव्यात. ते पाणी आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि ताटात खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), लोणचं येतं. त्या मिठाबरोबर शरीर पाणी धरून ठेवतं. राष्ट्रीय पोषण संस्थेची मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर आहे. खारा मासा दोनदा धुऊन, तासभर पाण्यात ठेवून ते पाणी टाकलं तर बरंच मीठ जातं. पाळीच्या आधीचे काही दिवस, बद्धकोष्ठ, आदल्या दिवशीचा जास्त भात यांनीही काटा वर जातो. ग्लायकोजेनच्या रूपात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम पिष्टाबरोबर (कर्बोदकाबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. नव्या आहाराच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साध्या कपड्यांत, लादीवर (चटईवर नव्हे) वजन करा. रोजचा आकडा लिहा, पण तुलना सात दिवसांच्या सरासरीची मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी करा. पाळीमुळे चढउतार मोठे असतील तर चार आठवड्यांमागच्या त्याच आठवड्याशी. पंधरा दिवसांतून एकदा कंबरेचा घेर मोजा, सगळ्यांत खालची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषासाठी ९०च्या वर तो धोक्याचा मानतात.

प्रश्न : श्रावणभर आमच्याकडे शिवराक (शाकाहारी जेवण). माशांमुळे प्रथिनं आपोआप होत होती, आता वहीत ती ३० ग्रॅमच्या वर जात नाहीत आणि संध्याकाळी भूक फार लागते. (डिचोली)

तीस ग्रॅम कमीच आहेत. वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम ही साधी गरज, उतरवण्याच्या काळात १ ते १.२ ग्रॅम ठेवलेलं बरं, म्हणजे स्नायू कमी झिजतात आणि भूकही आवरते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

पन्नास ग्रॅम कोरडे अळसांदे, चवळी किंवा मूग यांत ११-१२ ग्रॅम प्रथिनं आणि १६०-१७० कॅलरी. भिजवून, मोड आणून त्यांचं वजन दुप्पट-अडीचपट होतं, म्हणून कोरडं वजनच लिहा. पन्नास ग्रॅम पनीर ९ ग्रॅम, वाटीभर दही ५-६. अळसांद्यांच्या तोंडाकात खोबरं किती पडलं ते हुमणासारखंच काढायचं. श्रावणात वहीतल्या कॅलरी घटत नाहीत, वाढतात, त्याचं कारण बहुधा हेच. मासा गेला, पण त्याच्या जागी डाळीची आमटी, दोन सुक्या भाज्या आणि मणगणं (हरभऱ्याच्या डाळीची नारळाच्या रसातली खीर) आलं, आणि चारही ठिकाणी खोबरं. ताटात एक पदार्थ नारळाच्या वाटपाचा ठेवा, बाकी फोडणीचे.

प्रश्न : चवथीचे (गणेशचतुर्थीचे) पाच दिवस काय करायचं? नेवऱ्या (करंज्या), मोदक, खतखतं (मिश्र भाज्यांचा पातळ पदार्थ), आणि घराघरांतून आग्रह. मागच्या वर्षी वही तिथे सुटली ती सुटलीच. (शिक्षिका, साखळी)

त्या पाच दिवसांत कॅलरी लिहू नका. फक्त नाव आणि नग : नेवऱ्या ३, मोदक २, खतखतं दोन वाट्या. वही उघडी राहणं एवढंच त्या दिवसांचं काम. आकड्यांचा अंदाज हवाच असेल तर ४५ ग्रॅमची तळलेली नेवरी २००च्या घरात जाते, उकडीचा मध्यम मोदक सव्वाशेच्या आसपास. खतखत्यात भाज्या भरपूर असल्या तरी तूरडाळ, नारळ आणि गूळही असतो, ते भाजीच्या रकान्यात जात नाही.

सहाव्या दिवशी उपास करून भरपाई करायला जाऊ नका. दुपारपर्यंत निभावतं आणि संध्याकाळी फराळाचा डबा उघडतो. नेहमीचं जेवण, नेहमीची वही. चढलेल्यातलं पाणी आठवडाभरात उतरतं, आणि डबा वरच्या फळीवर ठेवण्यापेक्षा वाटून टाकलेला बरा.

प्रश्न : उराकाच्या (काजूच्या बोंडांच्या रसाच्या दारूच्या) दिवसांत शनिवारी दोन-तीन ग्लास होतात. ते कसे लिहायचे? मित्र म्हणतात, काजूचं आहे, फळच. (पेडणे)

मित्रांना विचारू नका. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, चरबीच्या खालोखाल. हिशेब असा : मिली गुणिले तीव्रतेचा टक्का गुणिले ०.०५५. बाटलीतली फेणी बहुधा ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साठ मिलीत सुमारे १४०. पाच टक्क्यांच्या बियरच्या ६५० मिली बाटलीत अल्कोहोलचे १८० आणि पिष्टाचे ८०-९० धरून २६०-२७०. उराक फेणीपेक्षा सौम्य, पण तो पेगाने न घेता ग्लासाने घेतला जातो, आणि भट्टीवरून आणलेल्या बाटलीवर टक्का लिहिलेला नसतो. म्हणून ग्लासात उराक किती मिली पडला तेवढं तरी मोजून लिहा.

त्यात ओतलेलं गोड पेय लोक विसरतात. शंभर मिलीला ४०-४५ कॅलरी, दोनशे मिली म्हणजे ८०-९०. साधा सोडा, लिंबू, मीठ, हिरवी मिरची घातली तर तेवढे वाचतात. सोबतचे मूठभर (३० ग्रॅम) काजू किंवा शेंगदाणे १७०. तळलेलं आलं तर पुढचं सांगायला नको. आणि पिऊन झाल्यावर वही लिहिण्याचा बेत ठेवू नका, ग्लास भरतानाच फोनवर टिपा.

प्रश्न : वय ५८, मधुमेहाच्या गोळ्या आणि रात्री इन्शुलिन. मुलीने अ‍ॅप घालून दिलं, १२०० कॅलरी सांगतं. सुरू करू का? सकाळची पेज चालेल ना? (काणकोण)

डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचं प्रमाण तुमच्या आजच्या जेवणावर बसवलेलं असतं. जेवण एकदम कमी केलं आणि डोस तोच राहिला तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. थरथर, घाम, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, तरी ७०च्या वर आली नाही तर पुन्हा तेवढंच. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येणारी गोळी चालू असेल तर भात-पोळी अजिबात बंद करण्याचे प्रयोग टाळा, रक्तातली आम्लता वाढण्याचा धोका असतो.

तुमच्या वहीत कॅलरीपेक्षा चार रकाने महत्त्वाचे : वेळ, कच्च्या तांदळाचे किंवा पिठाचे ग्रॅम, औषध, आणि जेवणाआधीची व दोन तासांनंतरची साखर. पेज तांदळाच्या वजनानेच लिहा. साठ ग्रॅम उकड्यांची पेज पाणी घालून कितीही पातळ केली तरी तिच्यात ४५ ग्रॅमच्या पुढेच पिष्ट असतं. ती चालते की नाही, हे दोन तासांनंतरचा आकडा सांगेल. तांदूळ ४० ग्रॅमवर आणून सोबत मूग किंवा सुक्या माशाऐवजी ताजा तुकडा घेतला तर तो आकडा कुठे जातो, तेही तपासून पाहा. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवा, डोस कमी करायचा की नाही ते त्यांना नीट ठरवता येईल.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची. सहा महिन्यांपासून सगळं तोलून खाते, आमच्याबरोबर ताटावर बसत नाही, कुणी वाढलं तर रडते. पाळी तीन महिने आली नाही. मार्क मात्र उत्तम आहेत. (पणजी)

मार्क बाजूला ठेवा. थांबलेली पाळी, तोलल्याशिवाय न खाणं, सगळ्यांबरोबर जेवायला टाळाटाळ ही खाण्याच्या विकाराची लक्षणं आहेत. या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे न्या. आधी बालरोगतज्ज्ञ किंवा फॅमिली डॉक्टर चालतील. नाडी, रक्तदाब आणि रक्तातली क्षारद्रव्यं तपासायला हवीत. चक्कर, थंड पडणारे हातपाय, फार मंद नाडी असेल तर थांबू नका. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मनोविकार व मानवी वर्तन संस्थाही तिथेच आहे. फोनवर आधी बोलायचं असेल तर १४४१६ ही टेलि-मानसची मोफत सेवा आहे.

काटा हिसकावून घेऊ नका, वजनावर किंवा दिसण्यावर चांगलं-वाईट काहीही बोलू नका, आणि घरातल्या मोठ्यांच्या कॅलरी-गप्पाही बंद करा. वाढत्या वयात, गरोदरपणी आणि ज्यांना असा त्रास होऊन गेला आहे त्यांनी या सदरातली मोजणी करू नये.

प्रश्न : वास्कोत तीन पाळ्यांत काम करतो. रात्री बाराला अ‍ॅपचा दिवस बदलतो आणि माझं जेवण दोन दिवसांत विभागलं जातं. (वास्को)

झोपेतून उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंतचा तुमचा एक दिवस. वहीत तसाच लिहा. अ‍ॅप ऐकत नसेल तर रात्री बारानंतरचं खाणं आदल्या तारखेखाली भरा, बहुतेक अ‍ॅपमध्ये तारीख मागे नेता येते. पाळी बदलते त्या दिवशी एक जेवण जादा होतं, तो दिवस एकटा न पाहता आठवड्याची सरासरी पाहा. कॅन्टीनमधला पहाटे तीनचा चहा-बन्सही लिहायचा असतो.

प्रश्न : वही बरी की अ‍ॅप? आणि हे जन्मभर करायचं का? (काही वाचक)

जे रोज हाताशी असेल ते. अ‍ॅप बेरीज करून देतं आणि पाकिटावरची रेघांची खूण (बारकोड) वाचतं. पण पाकिटावरचे आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, ते डोळ्यांनी तपासा. बाजूचे टक्के २००० कॅलरीच्या दिवसावर काढलेले असतात. वहीत घरचे पदार्थ जास्त नीट बसतात.

पहिले तीन आठवडे रोज, सगळं. त्यात तुमच्या घरचे आठ-दहा पदार्थ मोजून होतात आणि कुठून जास्त येतं ते दिसतं. पुढे वजन ठरल्याप्रमाणे उतरत असेल तर आठवड्यातून तीन दिवस पुरतात, त्यांतला एक रविवार असावा. चार आठवड्यांची सरासरी जागची हलली नाही तर पुन्हा एक आठवडा पूर्ण लिहा आणि सुरुवात तेल, खोबरं, भात, साखर, पाव या पाचांपासून करा. कपाटातला काटाही अधूनमधून तपासा. लिटरच्या मापाने पाणी ओतलं तर त्याने १००० ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवं. पंधरा-वीस ग्रॅम चुकत असेल तर आधी सेल बदलून पाहा.